साडेपाच इंचांचं सप्तक

अमरावतीत मी पियानोचं काम करायचे असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग समजूत काढल्यासारखं विचारतो, "पेटीचं म्हणता का?" पेटीचं नाही, पियानोचं. आणि तेही रंधा-पटाशीनं नाही, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या राउटर मशीनवर. इथपर्यंत आलं की ऐकणाऱ्याचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडतो. म्हणून यंदा संपादकांनी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. तोंडी सांगितलेलं लोक हसण्यावारी नेतात, छापलेलं जरा मनावर घेतात.

मी मूळची नांदगाव खंडेश्वरची. आयटीआयला आरेखकाचा कोर्स केला आणि अमरावतीच्या एमआयडीसीत अनिलभाऊंच्या दारांच्या कारखान्यात लागले. काम काय, तर कागदावर मोर, कलश, वेलबुट्टी आणि गणपती काढायचे. माझ्या कागदावरून कारागीर सागवानात कोरायचे. पुढे अनिलभाऊंनी मशीन आणली. कारागिरांनी तिच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं आणि मला तिच्यापाशी उभं केलं, कारण कॉम्प्युटरवर चित्र काढणारी मीच एकटी होते.

मशीन म्हणजे डबल बेडएवढा लोखंडी पलंग. त्यावर लाकूड आवळून बसवायचं. वर गरगर फिरणारं एक पातं असतं, ते डावं-उजवं, मागं-पुढं आणि वर-खाली सरकतं. चित्र आपण द्यायचं आणि सांगायचं, बाई गं, इथून शिर, इतकी खोल जा, तिथून बाहेर नीघ. ती सांगितलं तेवढंच करते. स्वतःचं डोकं चालवत नाही. हा तिचा मोठा गुण, आणि सांगणाऱ्याचं चुकलं तर हाच तिचा मोठा दोष.

कोरीव दार सागाच्या झाडाला नाही, कापसाच्या पऱ्हाटीला लागतं, हे मला त्या मशीनपाशी कळलं. कापूस चांगला पिकला की हिवाळ्यात लोक घर बांधायला काढत आणि दारावर मोर हवाच असे. मग ती वाईट वर्षं सुरू झाली. कधी पाऊस दगा देई, कधी अळी. कापूस मोडून लोक सोयाबीनकडे वळले आणि सोयाबीनही आज आहे उद्या नाही. घरं अर्धी राहिली. जी पुरी झाली त्यांना साधी प्लायची दारं लागली. आमच्या मशीनवर जुनी सतरंजी पांघरलेली असायची आणि मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत असायचे.

अशाच एका रिकाम्या दुपारी युसुफचाचा आले. काखेत गोणपाटात गुंडाळलेली जाड फळी, डोक्यावर जाळीची टोपी, अकोल्याहून एसटीनं आलेले. त्यांचं घराणं पेट्या बनवणारं. पण वऱ्हाडात जे थोडे पियानो होते, ते सुरात ठेवणारे ते एकटेच. पियानो होते बरं का आपल्याकडे. मिशनच्या शाळांतून होते, चर्चमधून होते, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या बंगल्यातून होते. कापूस बाहेर जायचा तेव्हा असल्या वस्तू आत यायच्या.

चाचांनी मशीनभोवती एक चक्कर मारली.

"बाई, तुमची मशीन सीधी भोकं पाडते का फक्त मोरच काढते?"

"भोकं तर मोरापेक्षा सोपी, चाचा."

"सोपी नाईत," ते म्हणाले आणि फळी उघडून बसले.

पियानोच्या आत शेकड्यांनी तारा असतात आणि प्रत्येक तार एका लोखंडी खुंटीला ताणलेली असते. या सगळ्या खुंट्या एका जाड फळीत ठोकलेल्या असतात. खुंटी फळीत घट्ट बसली तर सूर टिकतो. आमच्या उन्हाळ्यानं फळीला भेगा जातात, खुंट्या सैल होतात आणि सकाळी लावलेला सूर दुपारी उतरतो. मग नवी फळी करून त्यात जुन्याच जागी, जुन्याच कलानं भोकं पाडायची. भोक केसभर मोठं झालं तर खुंटी फिरते, केसभर लहान झालं तर फळी चिरते. चाचा आयुष्यभर हे हातानं करत आले होते, पण आता खांदा दुखायचा. मी जुनी फळी मापून चित्र केलं, मशीननं भोकं पाडली. चाचांनी एका भोकात खुंटी ठोकली, चावीनं थोडी फिरवली आणि डोळे मिटून मनगटानं तिचा ताण ऐकला.

"हाव," म्हणाले. "हे काम झालं."

याहून जास्त स्तुती त्यांनी पुढं इतक्या वर्षांत केली नाही. त्या दिवसापासून दारं अनिलभाऊंची आणि पियानो आमचे, असं चाललं.

चाचांबरोबर मी गिऱ्हाइकांच्या घरी जाऊ लागले. अकोल्यात एक वकीलसाहेब होते. त्यांची तक्रार अशी की मे महिन्यात पियानोच्या पट्ट्या फुगून अडकतात. आता मे महिन्यातलं अकोला ज्यानं पाहिलंय त्याला हे कसं पटावं? तिथं मे महिन्यात माणूस वाळतो, लाकूड फुगेल कशानं? आम्ही दिवाणखान्यात पाय ठेवला आणि अंगावर गार झुळूक आली. खिडकीत माणसाएवढा कूलर, आणि कूलरच्या बरोबर तोंडासमोर पियानो. घरात कुणी नसलं तरी साहेब कूलर चालू ठेवून जात.

"त्यालेही ऊन लागते ना," ते म्हणाले.

कूलर म्हणजे भिजल्या खसातून येणारा ओला वारा. तो बिचारा पियानो भर उन्हाळ्यात एकटाच पावसाळा भोगत होता. हा रोग कुठल्या विलायती पुस्तकात सापडणार नाही, तो खास आमचा आहे. आम्ही पियानो पलीकडच्या भिंतीला लावायला सांगितला तर साहेब चिडले, "मंग मी उकडून मरू का?"

"तुमी बसा ना कूलरपाशी," चाचा म्हणाले. "पियानो तिकडे बसते. त्याची काई हरकत नाई."

दुसरे एक चिखलदऱ्याचे हॉटेलवाले. तिथल्या धुक्यानं त्यांच्या पियानोला बुरशी चढलेली, आत उंदरांचा संसार. त्यांना तो दुरुस्त करून हवा होताच, पण आमची मशीन मोर काढते हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. त्यांना पियानोच्या पुढच्या फळीवर नाचरा मोर पाहिजे होता. चाचांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "काढू. पन मंग त्याले पियानो नोका म्हनू, दार म्हना." शेवटी तडजोड झाली. झाकणाच्या आतल्या बाजूला, उघडल्यावरच दिसेल अशी, मी कॉफीच्या फळांची एक बारीक डहाळी कोरली. तिथले पाहुणे अजूनही त्या डहाळीजवळ उभे राहून फोटो काढतात असं ऐकते. वाजवतात का, ते ठाऊक नाही.

पण मला सांगायचं आहे ते प्रभाकर मास्तरांचं.

मास्तर अकोल्यातल्या एका जुन्या शाळेत संगीत शिकवायचे. गाव दर्यापूरजवळचं. लहानपणी याच शाळेच्या वसतिगृहात राहून शिकले आणि शाळेच्या पियानोवर हात बसवला. प्रार्थना, राष्ट्रगीत, गॅदरिंगची गाणी, सगळं त्या पियानोवर. पगार कधी व्हायचा, कधी नाही, म्हणून गावचं वावर, होतं ते एकुलतं शेत, त्यांनी सोडलं नव्हतं. शनिवारी दुपारी जीप धरून जायचे आणि सोमवारी सकाळी नखांत काळी माती घेऊन प्रार्थनेला हजर व्हायचे. चाचा दरवर्षी तो पियानो लावायला जात आणि काम संपलं की मास्तर त्यांना काहीतरी वाजवून दाखवत. चाचांच्या लेखी सगळ्या वऱ्हाडात पियानोचं खरं गिऱ्हाईक हा एकच माणूस होता. बाकीचे नुसते मालक.

त्या साली सोयाबीन काढणीला आलं आणि वरून पाऊस. ओलं पीक, मजूर मिळेनात, थ्रेशर दारात येऊन उभा. मास्तर स्वतः पेंढ्या लावायला उभे राहिले. ओली पेंढी अडकली, त्यांनी ढकलली, आणि मशीननं हात ओढला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं. आमच्या भागात काढणीच्या दिवसांत असे हात दवाखान्यात येतच असतात. पण त्यातला पियानो वाजवणारा हात हाच एक असेल.

शाळेत नवीन सचिव आले होते. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. त्यांचं म्हणणं, आता मास्तरांना वाजवता येत नाही, पियानोला सारखी दुरुस्ती लागते, त्यापेक्षा बटण दाबलं की गाणं वाजणारा कीबोर्ड आणावा. जुनी मंडळी मध्ये पडली तेव्हा ते एवढ्यावर आले: गॅदरिंगला मास्तरांनी प्रार्थना वाजवून दाखवावी, पहिल्यासारखी. वाजली तर मास्तरही राहतील आणि पियानोही. नाही वाजली तर दोघांना निरोप.

चाचा हे सांगायला खास अमरावतीला आले. चहा गार झाला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"उजवा हात पुरा हाये," ते म्हणाले. "डाव्यात अंगठा, एक बोट अन् अर्धं. सप्तक घेता येत नाई."

पियानोत डावा हात पाया घालतो. खालचा सा आणि त्याच्या वरचा सा, दोन्ही एकदम, एक अंगठ्यानं आणि एक करंगळीनं, असं दाबत जायचं असतं. त्यावर उजवा हात गाणं चालवतो. या दोन सा-मधलं अंतर साधारण साडेसहा इंच. कुठल्याही देशातला, कुठल्याही घरातला पियानो घ्या, तेवढंच. मास्तरांच्या उरलेल्या हाताला ते अंतर पुरत नव्हतं आणि पाया नसलेली प्रार्थना शाळेतल्या पोरांनाही कळली असती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"हात मोठा करता येत नाई," चाचा म्हणाले. "पट्ट्या बारीक करता येतात."

मी मनातल्या मनात पियानो उघडून बघितला. आपल्याला बोटाखाली दिसते ती पट्टीची फक्त पुढची बाजू. खरी पट्टी हातभर लांब असते आणि तिचं मागचं टोक आत एका हातोडीखाली असतं. हातोडी तारेवर बसते. तारा जागच्या हलणार नाहीत, म्हणून मागची टोकं होती तिथंच राहणार. पुढची बाजू अरुंद करायची तर सगळ्या पट्ट्या पुढं गोळा होणार आणि मागं पसरणार, हातपंख्याच्या काड्यांसारख्या. मधली सरळ, तिच्या शेजारची जरा तिरपी, टोकाची भलतीच तिरपी. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि एकीसारखी दुसरी नाही. हातानं हे करायचं म्हणजे सुताराला वेड लागावं. पण मशीनला सगळ्या सारख्या काय नि सगळ्या वेगळ्या काय, त्याचं सोयरसुतक नसतं. चित्र बरोबर पाहिजे, बस. आणि चित्र काढण्यात मी कुणाच्या बापाला भीत नव्हते. मी हो म्हणाले.

अनिलभाऊ म्हणाले, मशीन तशीही झोपलीच आहे, फिरू द्या. लाकडाची सोय चाचांनी केली. अकोल्यातली एक जुनी जिनिंग तेव्हा मोडत होते. कधीकाळी तिथली यंत्रं विलायतेहून ज्या खोक्यांतून आली होती, त्या खोक्यांच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, फळ्या माळ्यावर पडून होत्या. हलकं, सरळ रेघांचं लाकूड, इतक्या उन्हाळ्यांनी वाळलेलं की आता त्याला आणखी वाळायला जागाच उरली नव्हती. पांढऱ्या पट्ट्यांवर लावायला दुकानांच्या पाट्या करतात ते अॅक्रिलिक घेतलं. काळ्यांसाठी शिसव.

मास्तर मापाला कारखान्यात आले. पहिल्यांदाच बघत होते मी त्यांना. किडकिडीत, हसरा माणूस, डावा हात खांद्यावरच्या दुपट्ट्यात. चाचांनी टेबलावर कागद पसरला आणि म्हणाले, "हात मांडा." मास्तरांनी हात मांडला, बोटं ताणली, आणि चाचांनी पेन्सिल फिरवून त्याची आकृती काढली. अंगठ्यापासून अर्ध्या बोटापर्यंतचं अंतर मी मोजलं. त्या हिशेबानं सप्तक सहा इंचांचं केलं की झालं असतं. घरी सरावासाठी म्हणून मी त्यांना एक फळी दिली. तिच्यावर नव्या मापाच्या पट्ट्या मशीननं रेघांनी कोरल्या होत्या. आवाज नाही, काही नाही, नुसत्या रेघा. पुढच्या खेपेला भेटले तेव्हा हसून म्हणाले, "बायको म्हनते, दुपारभर लाकडं बडवता अन् ऐकू तं काईच येत नाई. पन हात बसते, ताई. बराबर बसते."

पट्ट्या कापायचं काम सोपं नव्हतं. भारनियमनाचे दिवस. मध्येच लाइट गेली की मशीन जागच्या जागी थांबते आणि लाइट आल्यावर आपण कुठं होतो हे तिला आठवत नाही. कापलेलं लाकूड वाया जातं. म्हणून मी पट्ट्यांचे लहान लहान गट केले आणि लाइट असेल त्या वेळात एकेक गट उरकला. चाचांनी प्रत्येक पट्टी हातात घेऊन तोलली, घासली, तिला कापड लावलं. गॅदरिंगला थोडे दिवस उरले तेव्हा आम्ही अकोल्याला जाऊन नवा संच बसवला. पट्ट्यांची ओळ आता अरुंद झालेली, म्हणून दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत लाकडाचे ठोकळे भरले. सचिवांनी डोकावून विचारलं, "दाढा काढल्या का हो याच्या?" आणि गेले.

मास्तर बसले. उजवा हात छान चालला. मग डावा आला. अंगठा पडला, सा वाजला. खालचा सा वाजला नाही. अर्धं बोट शेजारच्या पट्टीवर घसरलं आणि भलताच सूर निघाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी केलंच नाही. हात दुपट्ट्यात घेतला.

"चाचा, तुमी भल्ली मेहनत केली," ते म्हणाले. "झालं आता."

माझं डोकं फिरलं. मी मोजपट्टी घेऊन सप्तक मोजलं. सहा म्हणजे सहा. मशीननं सूतभरही चूक केली नव्हती. मी मास्तरांना म्हटलं, "झाकण बंद करा आणि त्यावर हात मांडा." मांडला. सहा इंच आरामात पुरले. "आता वाजवताना उचलता तसा उचला." मनगट वर आलं, बोटांची कमान झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत अंगठा आणि ते अर्धं बोट एकमेकांकडे सरकले.

तेव्हा उमगलं. पऱ्हाटी लावताना दोन रोपांमधलं अंतर आमचे लोक वितीनं धरतात. वीत मातीवर दाबून, अंगाचा भार देऊन टाकतात, की ती पुरती ताणली जावी. मास्तरांना हात मांडा म्हटलं आणि त्यांनी वावरात मांडतात तसा मांडला. मी शेतकऱ्याची लेक, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. फळीवरचा सराव म्हणजे तर त्याच चुकीवर शिक्कामोर्तब, कारण तिथं पट्टी खाली जातच नव्हती, हात नुसता आडवा पडत होता. वीत टेकवून मोजतात आणि पियानो हात उचलून वाजवतात. तिघांतल्या एकालाही हे सुचू नये.

"या अल्ला," चाचा म्हणाले, "आपन पियानो पेरून राहिलो होतो."

मास्तर हसले. मग मीही हसले. माझ्या मनातला राग त्या हसण्यानं गेला आणि काम दिसायला लागलं. शाळेच्या ऑफिसातून शिक्क्याचं शाईचं पॅड आणलं, अंगठ्याला आणि त्या बोटाला शाई लावली, कागद झाकणावर पसरला. "वरून टाका हात. सप्तक घ्यायचं आहे असं समजून." पुन्हा पुन्हा टाकायला लावला. थकल्यावरही टाकायला लावला. दोन ठशांमधलं सगळ्यात तोकडं अंतर धरलं. साडेपाच इंच.

हातानं केलेलं काम असतं तर इथंच रडायची पाळी होती. मी चित्रातला एक आकडा बदलला आणि सगळा पंखा आपोआप आवळला. मशीनचा हा मोठेपणा मला आजही भारी वाटतो. तिला "पुन्हा कर" म्हटलं की ती तोंड वाकडं करत नाही. अडचण लाकडाची होती. चिडाच्या फळ्या आता जेमतेम उरल्या होत्या. कमी कापडात झबलं बेतावं तसं मी टोकाला टोक आणि बुडाला बूड लावून सगळ्या पट्ट्या त्या फळ्यांत बसवल्या. बसल्या, पण एकही चुकवायला जागा नव्हती. लाइटनं मध्ये दगा दिला असता तर तिथंच संपलं असतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात कितीतरी दिवसांनी अनिलभाऊंना मोठी ऑर्डर आली. एका देवळाचं दार. भाऊ मशीनपाशी येऊन उभे.

"आधी देवाचं कर, वंदना. पियानो कोठी पयून जाते?"

"भाऊ, देव कुठं पळून जातो? तो इतकी वर्षं दाराशिवायच बसलाय. मास्तरांना गॅदरिंगच्या आत बसवायचं आहे."

 भाऊंनी स्वतः वीज मंडळाच्या ऑफिसात फोन करून आमच्या भागातली लाइट कधी जाणार ते पक्कं विचारून घेतलं. त्यांच्याबद्दल मी कधी चारचौघांत चांगलं बोलले नाही, म्हणून हे इथं लिहून ठेवते.

एकही पट्टी वाया गेली नाही. चाचांनी शेवटची पट्टी बसवली आणि मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी हात उचलला आणि टाकला. दोन्ही सा एकदम वाजले. त्यांनी पुन्हा टाकला, मग एक पायरी वर, मग आणखी एक. चाचा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना रडू आलं होतं आणि मलाही आलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गॅदरिंगला हॉल भरलेला. सचिव पहिल्या रांगेत. पोरं रांगेत उभी राहिली, मास्तरांनी दुपट्टा बाजूला काढून ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. त्यात खोड काढायला गेलात तर निघाली असती. उजव्या हाताला बारीक पट्ट्यांची पुरती सवय झालेली नव्हती, एकदोन ठिकाणी बोट अडखळलं. पण पाया पक्का होता. तो एकदाही हलला नाही, आणि त्याच्या भरवशावर पोरांनी आवाज मोकळा सोडला. प्रार्थना संपल्यावर सचिव उठले, पियानोपाशी गेले, मास्तरांच्या डाव्या हाताकडे थोडं पाहिलं आणि म्हणाले, "सोमवारपासून तास घ्या, मास्तर. त्या कीबोर्डचं मी पाहून घेतो." मग बारक्या पोरींनी पियानोला गराडा घातला. त्यांच्या चिमण्या हातांत आजवर सप्तक कधी मावलं नव्हतं, ते आता मावत होतं. त्या वाजवतच सुटल्या.

चाचा आता नाहीत. मशीननं त्यांच्या खांद्याचं काम घेतलं, पण मनगटानं खुंटीचा ताण ऐकायचं काम तिला देता येत नाही. ते मी त्यांच्याकडून शिकून घ्यायला हवं होतं, नेहमी वाटायचं पुढच्या उन्हाळ्यात शिकू. राउटरवर आज पुण्या-मुंबईत काय काय करतात ते मी ऐकते. पण एका माणसाच्या राहिलेल्या हाताच्या मापाचा पियानो आम्ही वऱ्हाडात केला, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

गॅदरिंगच्या दिवशी मात्र माझ्या मनात एक काटा होता. हॉल रिकामा झाल्यावर मी पुढच्या फळीचे स्क्रू आवळत होते, मास्तर शेजारी उभे होते. आता न सांगून चालणार नव्हतं.

"मास्तर, एक गोष्ट आधीच सांगायला पाहिजे होती. या पट्ट्यांची हाताला सवय झाली की दुसऱ्या कुठल्याच पियानोवर तुमचा हात बसणार नाही. जगात तुमच्यासाठी आता हा एवढा एकच."

मास्तरांनी डाव्या हातानं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला.

"चालते ना, ताई," ते म्हणाले. "वावर बी मले एकच हाये. तेच पेरून राहिलो दरसाल."